बदक तळ्यात गेले आणि दूध उतू गेले

उशांचे अभ्रे बदलायला घेतले होते. दोन उशा चढवून झाल्या होत्या. तिसरी अर्धी अभ्र्यात, अर्धी बाहेर, तिचं टोक मी हनुवटीखाली दाबून धरलेलं. एवढ्यात आमची धाकटी खोलीत आली आणि म्हणाली, "ताई, उशा द्या."

"कुठल्या?"

"सगळ्या. अभ्रा नसला तरी चालेल."

हनुवटीखालची उशीही तिनं ओढून घेतली. कपड्यांचं मोठं कपाट उघडलं, टांगलेले कपडे एका बाजूला सारले, आत मांडी घालून बसली, चहूबाजूंनी उशा रचल्या आणि डोक्यावरून रजई घेतली. रजईच्या आतून आवाज आला, "आता घरात कोणी शिंकायचंसुद्धा नाही हं."

मी हातात रिकामा अभ्रा घेऊन तशीच उभी. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "कपाटात कोण बोलतंय?" मी म्हटलं, "आपली धाकटी." त्यावर त्या म्हणाल्या, "बरं," आणि निघून गेल्या. आमच्या घरात धाकटीचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. लग्न होऊन आली तेव्हा नोकरी नवी होती, आता वर्गातली पहिली पोरं मिशा फुटून रस्त्यात "बाई, ओळखलंत का?" म्हणून थांबवतात. अजूनही कुठलाही नवा धडा ती आधी घरी करून बघते. आमचं घर हा तिचा पहिला वर्ग, आणि आम्ही सगळे त्यातले नापास विद्यार्थी. एकदा एकक-दशक शिकवायचं होतं तेव्हा माझ्या यजमानांना एकक केलं, दिरांना दशक केलं आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, तुम्ही शून्य व्हा ना." सासूबाई खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. "या घरात मी शून्य होणार नाही," म्हणाल्या. शेवटी शून्य मी झाले. मला त्याचं काही वाटलं नाही. शून्याला बसून राहता येतं.

तर ही कपाटात का बसली, ते सांगायला हवं.

यंदा तिच्या शाळेत टॅबलेट आले. सगळ्यांना पुरतील एवढे नव्हते. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या मुलांना हवे होते, संगणकाचे सरही म्हणत होते की पहिलीतली पोरं त्याला चिकट बोटं लावण्यापलीकडे काय करणार. पण धाकटीनं मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, मागं लकडा लावला. मोठ्या बाई वैतागून म्हणाल्या, "बरं, सहा घ्या. पण सत्र संपताना पाहणीचे साहेब येतील. या यंत्रांनी मुलांचं वाचन सुधारलं असं त्यांना दिसलं तर राहतील, नाही तर वर जातील."

धाकटीनं वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजी टाकली, टॅबलेट मांडले, हेडफोन लावले आणि त्याला नाव दिलं 'ऐकण्याचा कोपरा'. पडद्यावर ओळ दिसते, कानात ती ओळ कोणी वाचून दाखवतं, मग मुलानं आपण वाचायची. यंत्रात तयार धडेही होते. पण ते वाचणारी बाई असं वाचायची, की जणू विमान सुटायची वेळ सांगतेय. मुलं ऐकता ऐकता सतरंजीचे धागे ओढायला लागायची.

आणि तिला खरी काळजी होती ती गप्पूबाईची.

गप्पूबाई हे आम्ही घरात ठेवलेलं नाव. मुलगी नवी आलेली, घरची भाषा वेगळी. वर्गात तोंडाला कुलूप. हजेरीला हात वर करायची, पण 'हजर' म्हणायची नाही. धाकटीनं चित्रं दाखवली, बाहुल्या नाचवल्या, शेजारी बसून डबा खाल्ला, पण नाही म्हणजे नाही. फक्त त्या कोपऱ्यात हेडफोन चढवले की तिचे ओठ हलायचे. धाकटी म्हणाली, "ताई, तिला वाटतं, कान झाकले की आपण कोणाला दिसतच नाही. तेवढ्यापुरती ती पुटपुटते. टॅबलेट वर गेले ना, तर ते पुटपुटणंही गेलं."

म्हणून धाकटीनं ठरवलं, धडे आपल्याच आवाजात भरायचे. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असतो, म्हणून दुपारी स्वयंपाकघरात बसून भरले. का, तर तिथं शांत असतं! आमच्या स्वयंपाकघरात शांत असतं हे फक्त ज्याला कधी तिथं फार वेळ उभं राहावं लागलं नाही तोच म्हणेल. बरं, स्वतःचा आवाज ऐकवत नाही म्हणून तिनं भरलेलं परत ऐकलंही नाही. तसंच शाळेत नेलं.

चार दिवसांनी वर्गात पोरं एका सुरात म्हणायला लागली, "बदक तळ्यात गेले. बदकाने पंख झटकले. अगं, दूध गेलं ना उतू! लक्ष कुठं असतं तुझं?"

धाकटी उडालीच. हेडफोन लावून बघते तर काय, धड्याधड्यात सासूबाई. "टोपलीत तीन लिंबे आहेत" याच्या पुढं "झाकण कुणी उघडं टाकलं?" आणि "ताई बागेत गेली" याच्या पुढं "तिला म्हणावं, येताना कपडे काढून आण." मुलांना वाटलं, हे पाठातच आहे. त्यांनी तेही पाठ केलं. उलट तेच आधी पाठ केलं. सतरंजीचे धागे ओढणं बंद झालं होतं, कोपऱ्यात बसायला रांग लागत होती आणि गप्पूबाई आता पुटपुटत नव्हती, चांगली ऐकू येईल इतपत बोलत होती. म्हणजे हेडफोनच्या आत.

पण मोठ्या बाईंनी एक दिवस स्वतः हेडफोन लावले.

"बाई," त्या धाकटीला म्हणाल्या, "ही शाळा आहे. स्वयंपाकघर नव्हे. साहेब यायच्या आत हे सगळं स्वच्छ करा."

धाकटीनं जेवताना हसत हसत आम्हाला हे सांगितलं. आम्ही हसलो. सासूबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

"म्हणजे मी घरात सुनांना बोलते ते आता शाळेत शिकवतात?"

"अहो आई, मुलांना इतकं आवडलंय..."

"पहिलीतल्या पोरांना ठाऊक झालं म्हणजे त्यांच्या आयांना ठाऊक झालं. म्हणजे बाजारात ठाऊक झालं. मला कजाग सासू करून ठेवलीस! आजच्या आज पुसून टाक ते."

अशा तऱ्हेनं आमच्या उशा कपाटात गेल्या. धाकटीनं सगळे धडे पुन्हा भरले, जुने पुसून टाकले. नवे धडे इतके स्वच्छ झाले की मोठ्या बाई म्हणाल्या, "आता कसं!"

दुसऱ्या दिवशी धाकटी शाळेतून आली ती पिशवी खांद्याला तशीच ठेवून पलंगावर बसली.

"काय झालं गं?"

"पोरं विचारतात, त्या आजी कुठं गेल्या? परत कधी येणार?" मग पिशवी खाली ठेवत म्हणाली, "गप्पूबाईनं हेडफोन लावले. एक धडा ऐकला. मग काढले, वायर नीट गुंडाळून ठेवली आणि जाग्यावर जाऊन बसली. पुन्हा उठलीच नाही, ताई. आणि साहेब पुढच्या आठवड्यात येताहेत."

मी म्हटलं, आईंना विचारून बघूया. विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या आवाजाचं नाव काढू नका." मी देवापुढे बसले तेव्हा त्या मुलीसाठी मागितलं. सासूबाईंसाठीही मागितलं, पण हळूच. त्याही शेजारीच डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांना सगळं ऐकू येतं.

सकाळी सासूबाई चप्पल घालून तयार. "चल माझ्याबरोबर," मला म्हणाल्या.

"कुठं?"

"शाळेत. त्या मुख्याध्यापिकेला तोंडावर सांगून येते की मी तशी बाई नाही. तिनं ऐकलंय ना माझं बोलणं? मग माझं साधं बोलणंही ऐकू दे."

वाटेत त्या भाषणाची तयारी करत होत्या. "नमस्कार. मी तुमच्या बाईंची सासू. माझ्या बोलण्यात तुम्हाला राग वाटला असेल, पण ती माया असते." मला म्हणाल्या, "बरं वाटतं ना?" मी म्हटलं, "अगदी बरं." त्या म्हणाल्या, "तू प्रत्येक गोष्टीला अगदी बरं म्हणतेस, तुला विचारून उपयोग नाही."

शाळेच्या व्हरांड्यात शिरलो तर मधली सुट्टी नुकती झालेली. पिण्याच्या पाण्याचे नळ ओळीनं, त्यांच्या खाली थारोळं साचलेलं, आणि पोरं त्यातूनच पळत येत होती. सासूबाईंचं भाषण बिषण गेलं कुठल्या कुठं. "अरे अरे अरे! ओल्यात धावता होय? पडला म्हणजे? लक्ष कुठं असतं तुमचं?"

सगळी पोरं जागच्या जागी थबकली. एक दात पडलेला मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "दूधवाल्या आजी!" आणि बघता बघता आमच्याभोवती कोंडाळं झालं. "आजी, तुम्ही खऱ्या आहात?" "आजी, झाकण लावलं का?" "आजी, दूध पुसलं का मग?" सासूबाई सगळ्यांकडे बघत होत्या, आणि मी सासूबाईंकडे.

मागून एक बारीक मुलगी पुढं आली. दोन घट्ट वेण्या, हातात पाण्याची बाटली. सासूबाईंच्या अगदी समोर येऊन उभी राहिली, वर बघितलं, आणि खणखणीत म्हणाली, "अगं, दूध गेलं ना उतू! लक्ष कुठं असतं तुझं?"

आवाज तिचा, पण चाल हुबेहूब सासूबाईंची. 'गेलं'वरचा झटकासुद्धा.

वर्गाच्या दारात आमची धाकटी उभी होती, हातातला खडू तसाच. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, ही कोण ते. सासूबाईंनाही कळलं. त्या खाली वाकल्या, ज्या वाकण्यात त्यांचा गुडघा नेहमी कुरकुरतो, आणि म्हणाल्या, "गेलं खरं. मग काय करायचं सांग?"

मुलीनं विचार केला. हे धड्यात नव्हतं. मग म्हणाली, "पुसायचं."

"शहाणी गं माझी बाय ती."

तेवढ्यात मोठ्या बाई खोलीबाहेर आल्या. "या ना, बसा. काही काम होतं?"

सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आता भाषण. तर त्या म्हणाल्या, "काम काही नाही. तुमच्या नळाखाली पाणी साचतंय, तेवढं पुसून घ्या. लेकरं पडतील." आणि वळून चालायला लागल्या. घरी पोचलो. दारात चप्पल काढता काढता म्हणाल्या, "तिला सांग, भर पुन्हा. पण या वेळी मला आधी सांगून."

सांगून काम बिघडतं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, केस नीट विंचरून स्वयंपाकघरात येऊन बसल्या. दीर म्हणाले, "आई, आवाजच भरायचाय, फोटो नाही." त्या म्हणाल्या, "आवाजालाही कळतं आपण काय घातलंय." धाकटीनं टॅबलेट समोर ठेवला, खूण केली, आणि सासूबाई घसा खाकरून म्हणाल्या, "प्रिय बालमित्रांनो. दूध ही एक अत्यंत उपयुक्त वस्तू आहे."

विमान पुन्हा सुटायला लागलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. धाकटीनं कपाळाला हात लावला. मी आपली कडेला बरण्या पुसत होते, हातातून एक झाकण निसटलं ते खळ्ळकन ओट्याखाली. "झालं! एक काम धड होईल तर शपथ. त्याला काय पाय फुटलेत?" सासूबाई म्हणाल्या. धाकटीनं टॅबलेटवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून दुसरी बरणी दाखवली.

तेव्हा ठरलं ते असं. सासूबाईंनी आपली कामं करायची, मी मध्ये मध्ये काहीतरी सांडायचं. धाकटी धडा वाचत राहणार. मी त्या दुपारी झाकणं पाडली, पेला पालथा केला, कांदे घरंगळू दिले. देवाच्या दयेनं काही फुटलं नाही. सासूबाईंची मात्र तोंडाची टकळी इतकी छान चालली की दीर आतल्या खोलीतून विचारायला आले, "वहिनींचं काही बिनसलंय का?"

पण धाकटी तिथं थांबेल तर ती धाकटी कसली. तिला शाळेचं काम व्हायला हवं होतं, नुसती करमणूक नव्हे. ती म्हणाली, "आई, आता एकच. मी विचारीन, बदक कुठे गेले? तुम्ही म्हणायचं, झाडावर. मग मी गप्प बसेन. तेवढ्या वेळात मुलं तुम्हाला बरोबर काय ते सांगतील."

"बदक झाडावर?" सासूबाईंनी हातातलं फडकं ठेवलं. "मला काय बदक ठाऊक नाही? मी चुकीचं कशाला बोलू? सबंध शाळा म्हणेल, म्हातारीला एवढंही येत नाही."

"मुलांना दुरुस्त करायला कोणीतरी चुकायला हवं ना, आई."

"मग हिला चुकव." म्हणजे मला.

मी म्हटलं, "आई, माझ्या चुकण्याचं कोणाला नवल? ती मुलगी तुमच्याशी बोलली."

सासूबाई बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. पुसलेलाच पुन्हा पुसत होत्या. ज्या बाईनं घरात कधी शून्य व्हायचं मान्य केलं नाही, तिच्याकडे आम्ही चूक मागत होतो. मग टॅबलेटकडे पाठ करून, भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "बदक गेले झाडावर." आणि लगेच, "बंद कर आता ते. परत म्हणणार नाही."

साहेब आले त्या दिवशी सासूबाई सकाळपासून खिडकीशी घुटमळत होत्या. धाकटी आली तशी मी पाणी पुढं केलं, सासूबाईंनी वर्तमानपत्र उघडलं, आणि ते उलटं होतं.

"काय झालं ते सांग आधी," मी म्हटलं.

"साहेब आले," धाकटी म्हणाली. "थोराड माणूस, आणि पोरांच्या त्या इवल्या खुर्चीवर बसले. एक हेडफोन त्यांनी लावले, दुसरे गप्पूबाईनं. एकाच टॅबलेटला दोन. मोठ्या बाई मागं उभ्या, हातांची घडी घालून. धडा सुरू झाला. मला नुसते साहेबांचे डोळे दिसत होते. ते एकदम मोठे झाले."

"माझ्या झाकणाला," मी म्हटलं.

"हो, झाकणालाच. मग आला प्रश्न, बदक कुठे गेले. मला बाहेर काही ऐकू येत नव्हतं, ताई, मी मनात मोजत होते, आता आई म्हणाल्या असतील. आणि गप्पूबाई ओरडली. कानावर हेडफोन, तिला काय कळतंय आपण किती मोठ्यानं बोलतोय! 'नाही आजी! झाडावर नाही! बदक तळ्यात गेले!' अख्खा वर्ग मागं वळला."

वर्तमानपत्र खाली आलं.

"मग तिच्या लक्षात आलं, सगळे बघताहेत. मी म्हटलं, संपलं, मिटलं आता पुन्हा कुलूप. तिनं हेडफोन काढले. साहेबांकडे बघितलं. त्यांनी काही वाचलं नाही म्हणून त्यांचा हात धरला, बोट पडद्यावरच्या ओळीवर ठेवलं आणि पुढची ओळ स्वतः वाचली. हेडफोनशिवाय. 'बदकाने पंख झटकले.' सबंध वर्गासमोर."

मी हात जोडले. दुसरं काय करणार.

"साहेबांनी विचारलं, या आजी कोण? मी तोंड उघडणार तोच मोठ्या बाई म्हणाल्या, 'आमच्या शाळेच्या पाहुण्या शिक्षिका आहेत.' इतक्या सहज म्हणाल्या, जणू त्यांनीच नेमल्या."

"आणि टॅबलेट?"

"चार आमच्याकडे कायम. दोन दुपारनंतर वर जाणार, संगणकाच्या सरांनी सोडले नाहीत. चालतंय."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "साहेब हसले का?"

"हसले ना."

"म्हणजे माझ्या चुकीला हसले."

"आई, ती चूक मुद्दाम केली होती, हे मी त्यांना सांगितलं."

"नक्की सांगितलंस?"

"देवाशपथ."

"मग ठीक." त्या उठल्या, आणि आत जाता जाता म्हणाल्या, "पुढच्या धड्यात काय आहे? हत्ती? हत्ती मी खिशात घालीन. पण ससा झाडावर वगैरे म्हणणार नाही, सांगून ठेवते. एका वर्षी एकच झाड."

धाकटी इतकी हसली की पाण्याचा पेला तिच्या हातातून सुटला, आणि आतून आवाज आलाच, "सांडलं?"

चारही टॅबलेट आता रात्री वर्गातच चार्जिंगला लावायचे आहेत आणि त्या कोपऱ्यात भिंतीला एकच प्लग आहे. दुकान बंद व्हायच्या आत धाकटी लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणायला निघाली आहे.